उरकुडे साहेबांचं मख्खन

मनोहर उरकुडे यांच्या घरी गेलं की ते 'या, बसा' म्हणत नाहीत. ते तुमचं उजवं मनगट धरतात, जवळच्या कपाटाच्या दारावर तुमचा पंजा टेकवतात आणि म्हणतात, "हात फिरवा."

आपण फिरवतो. मनगट त्यांच्या ताब्यात असल्यामुळे दुसरं काही करता येत नाही. दोन-तीन फेरे झाले की ते आपल्या तोंडाकडे बघत विचारतात, "कसं आहे?" या प्रश्नाला उत्तर एकच चालतं, ते म्हणजे 'मख्खन'. मी सुरुवातीला 'छान', 'गुळगुळीत', 'बरं आहे की' अशी निरनिराळी उत्तरं देऊन पाहिली. हात सुटला नाही. 'मख्खन' म्हटलं तेव्हा सुटला. गॅसचा सिलिंडर आणणारा माणूस तर फाटकातूनच 'मख्खन साहेब, मख्खन' असं ओरडत आत शिरतो, कारण त्याला पुढची चार घरं करायची असतात.

ज्यावर हात फिरवायचा ती वस्तू लाकूड नसते. ती असते एमडीएफ. ज्यांना हा पदार्थ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडाचं पिठासारखं बारीक भूस करायचं, चिकट रसायनात मळायचं, गरम दाबाखाली लाटायचं आणि वाळलं की त्याची पाटी म्हणून विक्री करायची. स्वयंपाकघरात याच कृतीने बरंच काही चांगलं तयार होतं. उरकुडे साहेब मात्र या पाटीला 'मटेरियल' म्हणतात, आणि 'एमडीएफ' ही तीन अक्षरं नावापुढची पदवी सांगावी तशी एकेक सुटी करून उच्चारतात.

साहेब एका सरकारी कचेरीतून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, त्याला सात वर्षं झाली. निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रेला जातात. साहेब नागपूरला फर्निचरच्या प्रदर्शनाला गेले आणि वर्ध्याला परत आले ते दीक्षा घेऊनच. आल्या संध्याकाळी शेजारच्या माझ्या ओट्यावर बसून त्यांनी मला पहिलं प्रवचन दिलं.

"झाडात शिस्त नसते, सर," ते म्हणाले. "एक फांदी इकडे, एक तिकडे. कुठं गाठ, कुठं रेष, कुठं भोक. आणि याच्यात पाहा. रेष नाई, गाठ नाई. कुठूनही कापा, आत तेच."

मी म्हटलं, "श्रीखंडाचंही तसंच असतं."

"बराबर!" साहेब म्हणाले. त्यांना ती स्तुती वाटली.

मग सहा महिने त्यांच्या घरातून यंत्राचा आवाज आणि पांढरी धूळ येत राहिली. घरातली लोखंडी खाट, वेताच्या खुर्च्या, वहिनींच्या माहेरची पेटी अशी सगळी मंडळी भंगारवाल्याच्या गाडीवर बसून गेली. आता दिवाणखान्याची एक अख्खी भिंत म्हणजे टीव्हीचं कपाट आहे. त्यात एक टीव्ही, एक रिमोट आणि प्लास्टिकची फुलं राहतात. बाकीचे खण नुसते पुसायला आहेत. देव्हारा एमडीएफचा, छताखाली आणखी एक छत, तेही एमडीएफचं. मुलीच्या, म्हणजे पल्लवीच्या, खोलीत भिंतभर पांढरी कपाटं करताना मध्ये खिडकी आली. खिडकीमुळे फिनिशिंग तुटत होतं. म्हणून तिच्यावरून पाटी मारून खिडकी बुजवली. मी विचारलं, "साहेब, हवा?"

"पंखा आहे ना," ते म्हणाले.

या साम्राज्याला एकच शत्रू आहे, तो म्हणजे पाणी. पाणी लागलं की हे मटेरियल फुगतं आणि एकदा फुगलं की परत बसत नाही. त्यामुळे साहेबांनी दारावर टंकलिखित नियमावली चिकटवली. पहिलाच नियम असा होता: 'आगंतुकांनी हात-पाय कोरडे करूनच प्रवेश करावा.' पिण्याचं पाणी व्हरांड्यात मिळेल, असा चौथा नियम होता. वास्तुशांतीला गुरुजी कलशातलं पाणी घरभर शिंपडायला निघाले, तेव्हा साहेबांनी त्यांना फाटकापाशी नेऊन सांगितलं, "घर इथूनच सुरू होते असं समजा." गुरुजींनी फाटकावर आणि जास्वंदीवर पाणी शिंपडलं. जास्वंद अजून उत्तम आहे.

सुमनवहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, या सगळ्याकडे हवामानाकडे बघावं तसं बघतात. मला पहिल्यांदा पाणी द्यायची वेळ आली तेव्हा त्या ग्लास घेऊन सरळ बाहेर निघाल्या. "चाला भाऊजी, अंगणात. आत प्यालं तं कपाट फुगते. आमच्या घरी माणसं सुकली तरी चालते."

साहेबांचे धाकटे भाऊ नामदेवराव अल्लीपूरला शेती करतात. वादळात त्यांच्या बांधावरचा एक जुना साग पडला. त्यांनी तो चिरून घेतला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातला आणि थेट साहेबांच्या दारात आणून उभा केला. मी योगायोगाने तिथे होतो. साहेबांच्या घरी काही घडणार असलं की माझे योगायोग जरा जास्त होतात.

"दादा, बापाच्या हातचं झाड आहे," नामदेवराव म्हणाले. "तुया घरचा दरवाजा होईन."

साहेबांनी बोटाच्या पेराने एका फळीवर टकटक केलं. कानाने ऐकलं. मग म्हणाले, "नामदेव, याचा आधी भुसा करून आण. मंग पाहू."

नामदेवरावांनी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि ट्रॅक्टर वळवला. पाणीसुद्धा न पिता गेले. तसं ते प्यायला त्यांना अंगणातच थांबावं लागलं असतं. तेव्हापासून अल्लीपूरची तुरीची डाळ या घरी येते ती माझ्यामार्फत.

मीही सुटलो नाही. माझ्या घरी वडिलांच्या वेळची सागवानी मांडणी आहे. तिला साहेब 'वाळवीचं वसतिगृह' म्हणतात, वास्तविक वाळवीने आजवर तिथे एकही खोली घेतलेली नाही. माझ्या एकसष्टीला त्यांनी मला एमडीएफचं पुस्तकांचं शेल्फ भेट दिलं. पांढरं, लांबलचक, कुठेही रेष नाही, गाठ नाही. मी त्यावर पुस्तकं लावली. महिन्याभरात सगळ्या फळ्या मधोमध खाली आल्या आणि शेल्फ माझ्याकडे बघून हसू लागलं. साहेबांना बोलावून दाखवलं. त्यांनी खाली बसून, डोळा बारीक करून फळीची पातळी बघितली.

"शेल्फ वाकलं नाई, सर," त्यांनी निर्णय दिला. "तुमची पुस्तकं जड आहेत. हलकी वाचत जा."

इथवर हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण वर्ध्याला उन्हाळा नावाची गोष्ट असते. होळी झाली की आमच्याकडे माळ्यावरचे कूलर उतरतात, त्यांच्या वाळ्याच्या ताट्या बदलतात, खसचा वास गल्लीभर होतो. मे महिन्यात कूलर म्हणजे घरातलं सर्वांत वडीलधारं माणूस. नळ आला की पहिलं पाणी त्याला. कूलर चालतो पाण्यावर. ओली हवा घरात सोडणं हेच त्याचं काम. तेव्हा साहेबांनी आपला कूलर भंगारात दिला, याचं आता तुम्हाला आश्चर्य वाटू नये.

"कूलर म्हणजे काय, सर?" ते म्हणाले. "घरात ढग सोडणं."

तेव्हापासून सुमनवहिनी उन्हाळ्याच्या दुपारी आमच्याकडे असतात. कूलरच्या जाळीपासून वीतभर अंतरावर तोंड धरून त्या माझ्या बायकोला सांगतात, "कूलरसाठी नाई आली बरं मी. तुमालेच भेटाले आली." साहेब मात्र सेहेचाळीस अंशांत दारं-खिडक्या बंद करून, कोरड्या फडक्याने टीव्हीचं कपाट पुसत बसतात. डोक्यावर ओला पंचा घेण्याचीही त्यांना सोय नाही. नियम नववा.

पल्लवी ही त्यांची एकुलती एक. पुण्याला दिली आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी ती माहेरी आठ दिवस राहायला म्हणून आली आणि तिसऱ्या दिवशी बॅग घेऊन फाटकाबाहेर पडली. रिक्षात बसताना ती म्हणाली, आणि हे अख्ख्या गल्लीने ऐकलं, "बाबा, कपाटाच्या तब्येतीले जपजा. मी चालली." त्यानंतर ती आली नाही. फोन आईला येत. साहेब विचारल्याशिवाय सांगत, "तिची खोली रेडी आहे. मख्खन." आणि रोज सकाळी ती रिकामी खोली पुसत. मी त्यावर गल्लीत बरेच विनोद केले. त्यातले काही चांगले होते.

या जानेवारीत पल्लवीला मुलगी झाली. एप्रिलमध्ये बाळाला घेऊन ती येणार असं ठरलं, पण अटीवर. अट वहिनींनी आमच्या ओट्यावर जाहीर केली: "खोली थंडी असन तं येते म्हणे, नाई तं नाई. लेकराले भाजाले नाई आणत म्हणे. आन या बारीनं परत गेली तं मंग येतच नाई ते. मले माहीत आहे माझी पोरगी."

साहेबांनी एसी बसवला. पाणी बाहेरच्या बाहेर टपकेल याची नळी त्यांनी तीनदा तपासली. "कोरडी थंडी, सर," ते मला सांगू लागले, जणू तिचा शोध त्यांनी लावला होता. एप्रिलच्या मध्याला पल्लवी आली. बाळ पाहायला आम्ही गेलो. साहेबांनी आधी एसीवर हात धरायला लावला, मग कपाटावर फिरवायला, मग बाळ दाखवलं.

दोन आठवडे एसी चालला. मे लागला, गल्लीतली सगळी यंत्रं सुरू झाली आणि दुपारचं व्होल्टेज बसलं. एसी घुर्र करायचा आणि गप्प व्हायचा. कूलर कमी व्होल्टेजवरही रडतखडत फिरतो. एसी फिरत नाही, तो साहेब माणूस आहे. बिनखिडकीची ती पांढरी खोली भट्टीसारखी तापली. तिसऱ्या दिवशी बाळाच्या रडण्याचा आवाज आमच्या घरी येऊ लागला. पल्लवी मोबाइलवर पुण्याच्या गाडीची तिकिटं बघते आहे, असं वहिनींनी माझ्या बायकोला येऊन सांगितलं आणि त्या लगेच परत गेल्या. कूलरसमोर उभ्याही राहिल्या नाहीत.

त्याच दुपारी तीन वाजता माझं दार वाजलं. माझं सागवानी दार साहेब एरवी वाजवतात ते आत पोकळ आहे का हे ऐकायला. आज नुसतं वाजवलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि त्यांच्या डोक्याला रुमालही नव्हता.

"सर, तुमच्या माळ्यावर दुसरा कूलर आहे ना?"

सात वर्षं मी या क्षणाची वाट पाहत होतो. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आहे. पण साहेब, त्यात पाणी असतं."

"असू द्या."

"घरात ढग सोडायचा?" मी विचारलं. "नियम कितवा तो?"

साहेब दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाले, "पल्लवी लेकराच्या पाठीवर हात नाई फिरवू देत, सर. सारी घामोळ्यानं खडबडीत झाली. हात लावला की रडते."

माझ्याकडे आणखी दोन वाक्यं तयार होती. ती मी तशीच ठेवून माळ्याला शिडी लावली.

कूलर दोघांनी उचलून त्यांच्या घरी नेला. पल्लवीच्या खोलीत गेल्यावर लक्षात आलं, की कूलरला खिडकी लागते आणि खिडकी तर फिनिशिंगच्या आड आहे. पल्लवी बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. बॅग उघडी होती. साहेबांनी बॅगेकडे पाहिलं. ते माझ्या घरी जाऊन माझी करवत घेऊन आले.

"मिस्त्रीले बलवा ना, अवो!" वहिनी म्हणाल्या.

"मिस्त्री संध्याकाळी येते," साहेब म्हणाले. "ऊन आत्ता आहे."

या माणसाने जन्मात करवत धरली नव्हती. कचेरीत पेन्सिलीलाही टोक शिपायाने काढलेलं असायचं. त्यांनी पांढऱ्याशुभ्र पाटीवर डोळ्याच्या अंदाजाने चार रेघा मारल्या आणि कापायला सुरुवात केली. मी मदतीला पुढे झालो तर कोपराने बाजूला सारलं. भूस उडून त्यांच्या केसांवर, भुवयांवर बसलं. पिठाच्या गिरणीतला माणूस दिसतो तसे ते दिसू लागले. अर्ध्या तासाने पाटीचा तुकडा धपकन खाली पडला. भोक साफ तिरकं झालं होतं, डावीकडून दोन बोटं वर. मागे खिडकी होती तशी होती. सात वर्षं तिला कोणी उघडलं नव्हतं, एवढंच.

त्या घरातून पाण्याची पहिली बादली साहेबांनी स्वतः नेली. दिवाणखान्यातून जाताना ती हिंदकळली आणि टीव्हीच्या कपाटावर चार थेंब उडाले. साहेब थांबले. थेंबांकडे बघितलं. मग बादली घेऊन पुढे गेले. पाव तासात बाळ झोपलं. पल्लवीने बॅगेची चेन लावून ती पलंगाखाली सरकवली.

ती जूनच्या अखेरपर्यंत राहिली. आणि फर्निचरचं म्हणाल तर जे व्हायचं तेच झालं. पाचव्या दिवसापासून कपाटांच्या कडा जाड होऊ लागल्या, पंधरा दिवसांत दारं पावासारखी फुगली, महिन्याने त्यांचे पापुद्रे निघायला लागले. ही बातमी मी गल्लीत कुणाला सांगितली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. साहेब संध्याकाळी फाटकाशी उभे राहून सांगत, "एक्स्पान्शन आहे. मटेरियल श्वास घेते." मी खोटं खोटं गंभीर होऊन मान हलवत असे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी माझा कूलर परत आणायला गेलो. ऑगस्टात कूलर कुणाला लागतो? खरं म्हणजे मला त्या खोलीची दशा बघायची होती आणि एक वाक्य म्हणायचं होतं. 'काय साहेब, शेवटी भुशाचा पुन्हा भुसाच झाला?' असं ते वाक्य होतं. तीन महिने मी ते मनात घासूनपुसून ठेवलं होतं. त्यावर हात फिरवला असता तर मख्खन लागलं असतं.

वहिनी व्हरांड्यात शेंगा निवडत होत्या. मी पाण्यासाठी बाहेरच थांबलो, सवयीने. "जा ना आत," त्या म्हणाल्या. "दारावरचा तो कागद कवाच पडला. कोनं लावला नाई परत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मिस्त्री आलता परवा. म्हणे हे सारं सडलं, काढून टाकतो, नवं बसवतो. हाकलून देल्लं त्याले. आता रोज दुपारी तिथंच निजते हा माणूस. कूलर लावून. पानी टाकून! भर पावसाळ्यात, सांगा."

मी आत गेलो. दिवाणखाना चकचकीत होता. त्या खोलीत मात्र दमट वास येत होता आणि तिरक्या भोकात माझा कूलर घरघरत होता. साहेब पलंगाच्या कडेला बसले होते. मला बघून जरा गडबडले. "मशीन बंद ठेवली तर जाम होते," ते म्हणाले. "टेक्निकल आहे." मग उठले आणि नेहमीप्रमाणे माझं मनगट धरलं.

मी 'मख्खन' तोंडात आणून ठेवलं. पण त्यांनी माझा हात दाराच्या मध्यावर नेला नाही. ते खाली वाकले, मलाही वाकवलं आणि माझी बोटं कूलरजवळच्या खालच्या कडेवर ठेवली. तिथे पाटी फुगून तिला थरावर थर आले होते.

"हे इथलं पहिल्या आठवड्याचं," साहेब म्हणाले. माझा हात वीतभर वर सरकवला. "फुगत इथं आलं तवा लेकराची पाठ साफ झालती. पल्लवीनं मले हात फिरवू देल्ला." आणखी वर, कोपऱ्यात, जिथे मोठं टेंगूळ होतं तिथे ते थांबले. "हे जूनमधलं. पालथी पडली ना ती पहिल्यांदा. तुमच्या वहिनीच्या हातात भरली बादली होती. पाह्यच्या गडबडीत सारी सांडली इथं."

कूलर घरघरत होता. पलंगाच्या पायाशी एक लहानसं दुपटं घडी घालून ठेवलेलं होतं. माझं वाक्य मला आठवत होतं, शब्दन् शब्द.

"हात फिरवा," साहेब म्हणाले.

मी फिरवला. खालून वर, सगळ्या थरांवरून.

"कसं आहे?"

"खडबडीत," मी म्हणालो.

"आहे ना?" उरकुडे साहेब एकदम खूश होऊन म्हणाले. उत्तर बरोबर आलं होतं. तरी मनगट त्यांनी सोडलं नाही.